मंडळी सोडू नकोस

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

डी.मिन.ला (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री, म्हणजे पाळकांसाठीची डॉक्टरेट) प्रवेश घ्यावासा वाटतो, पण तू सांभाळतोस ती मंडळी, म्हणजे तुझं चर्च, सोडवत नाही, असं तू लिहिलंस. अरे, सोडायची नाहीच. ही पदवी चालत्या सेवेतल्या माणसासाठी आहे. म्हणून तर बऱ्याच सेमिनऱ्या, म्हणजे पाळक घडवणारी विद्यालयं, एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) या पदवीनंतर निदान तीन वर्षांचा सेवेचा अनुभव मागतात. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त सेमिनऱ्यांत एम.डिव्ह.ला किमान ७२ क्रेडिट (अभ्यास मोजायची एककं) लागतात, डी.मिन.ला ३०. आकड्यावर जाऊ नकोस. वर्षातून एक-दोनदा आठवडाभराचे सलग वर्ग असतात. खरा अभ्यास घरी परतल्यावर सुरू होतो.

मला सगळ्यात जड गेला तो संभाषणाचा वृत्तांत. एखाद्या भेटीत कोण काय बोललं ते घरी येऊन आठवून, शब्दाला शब्द लिहायचं आणि गटापुढे वाचायचं. याची मुळं अँटन बोइसेन या अमेरिकन पाळकापर्यंत जातात. त्यांनी स्वतः मनोरुग्णालयात दिवस काढले होते आणि १९२५ मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसवून शिकवायला सुरुवात केली. माणसं म्हणजे जिवंत दस्तऐवज, असं ते म्हणत.

मी एका विधवा आजींच्या भेटीचा वृत्तांत लिहिला. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, रात्री दोन कप चहा ठेवला जातो हो अजून." त्याखालची माझी ओळ होती, "चला, आपण प्रार्थना करू." गटात वाचताना तिथेच माझा आवाज अडकला. त्या दुसऱ्या कपाबद्दल मी एक शब्दही विचारला नव्हता. इतकी वर्षं सांत्वनाला जातोय मी! पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो आणि नुसता बसलो. त्या तासभर बोलल्या. शेवटी प्रार्थना त्यांनीच केली.

माझा प्रकल्पही त्यातूनच निघाला: दफनविधीनंतरच्या पहिल्या वर्षात मंडळी शोकाकुल घराला कशी साथ देते. काय चाललंय, का चाललंय, बायबलच्या वचनाप्रमाणे काय असायला हवं, आणि आता काय करायचं, या चार प्रश्नांभोवती सगळं फिरतं. तूही विषय असाच निवड, जो तुला रात्री झोपू देत नाही. भारदस्त शीर्षकामागे लागलास तर दुसऱ्याच वर्षी दमशील.

वेळेचं म्हणशील तर ओढाताण होते. लिखाणाच्या ऐन भरात कुणी आजारी पडतं, कुणी जातं. दर मंगळवारची सकाळ मी चर्चच्या कार्यकारी मंडळाकडून रीतसर मागून घेतली. ही परवानगी अर्ज भरण्याआधीच घे आणि वहिनींशीही आधीच बोल, कारण घरातले तास त्यांच्याच वाट्याचे जाणार आहेत. फीचा बोजाही दोघांनी मिळून बघा. कर्ज काढून मात्र करू नकोस.

अर्जाबरोबरचा निबंध लिहिलास की मला पाठव. मी सावकाश वाचून कळवेन. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
सेवेतला सोबती