सळ्यांचा गुंता आधी स्क्रीनवर सोडवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बांधकामात नवीन काही आलं की बातमी होते ती मशीनची. बेंगळुरूला केंब्रिज लेआऊटमध्ये 2023 साली थ्रीडी प्रिंटेड पोस्ट ऑफिस झालं, 1,021 चौरस फुटांचं, दीड महिन्याच्या आत उभं राहिलं, आयआयटी मद्रासची मदत होती. भारीच काम आहे, पण मला त्यात सगळ्यात आवडलं ते फोटोत दिसत नाही. काँक्रीटचा पहिला थर पडायच्या आधी बिल्डिंगचं मॉडेल कॉम्प्युटरवर तयार असतं, त्याचे आडवे काप केलेले असतात आणि काँक्रीट सोडणारं नोझल कुठून कुठे फिरणार हे ठरलेलं असतं.

आता आमची साइट सांगतो. मे महिन्यात इंटर्नशिपला होतो, तिथे एका कॉलमला तीन बाजूंनी बीम येऊन भिडत होते. बीमच्या सळ्या, कॉलमच्या सळ्या, वर रिंगा (सळ्यांना बाहेरून वेढणाऱ्या वळवलेल्या बारीक सळ्या), त्यात सळ्यांचे जोडही नेमके तिथेच, बोट जाईना एवढी दाटी, आणि खडी 20 एमएमची! स्लॅबच्या दिवशी व्हायब्रेटरची (काँक्रीट हलवून घट्ट बसवायच्या मशीनची) नीडल आत शिरेना म्हणून मुकादम हातात सळई घेऊन कोचत बसला. सेंटरिंग (काँक्रीटचा साचा) काढलं तर खालच्या बाजूला खडी उघडी, मधाच्या पोळ्यासारखी भोकं. मग फोडून ग्राउट (सिमेंटचा पातळ माल) भरलं. ड्रॉइंग चुकलं होतं का, तर नाही. बीम एका शीटवर, कॉलम दुसऱ्या शीटवर, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, फक्त दोन्ही एकत्र कुणी पाहिलेच नव्हते.

मी दोन रात्री बसून तोच जॉइंट ब्लेंडरमध्ये काढला, फुकट मिळतं ते थ्रीडीचं सॉफ्टवेअर, आणि सळ्या बांधणाऱ्या फिटरकाकांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी बोटाने फिरवून फिरवून बघितला आणि लगेच म्हणाले, "ही आतली रिंग नंतर बसत नसती, बीमची सळई टाकायच्या आधीच घालायला पाहिजे होती." हे त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. खरंच वाईट वाटलं मला.

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर ग्राफिक्स हा विषय फक्त कॉम्प्युटर ब्रँचला आहे, आम्हाला नाही. तिथे थोड्या बिंदूंवरून गुळगुळीत वळण काढायचा जो बेझिए कर्व्ह शिकवतात तो पिअर बेझिए यांनी रेनॉ कंपनीत गाड्यांच्या बॉडीचे वळण काढायला वापरला होता, म्हणजे खरी वस्तू घडवायलाच ना! स्पेनमधल्या बिल्बावचं गुगेनहाइम म्युझियम 1997 साली उघडलं, त्याचे वेडेवाकडे टायटॅनियमचे पत्रे मूळ विमानांसाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करून बसवले. मग सिव्हिलच्या पोराने तो विषय का शिकू नये? ग्राफिक्स म्हणजे गेम आणि सिनेमा असंच अजून समजतात, आणि बिल्डरकडे थ्रीडी असतं ते फ्लॅट विकायच्या ब्रोशरमध्ये, त्यात झाडं आणि स्विमिंग पूल असतो, सळई एकही नसते.

अख्ख्या बिल्डिंगचं मॉडेल करा असं मी म्हणत नाही, त्याला वेळ आणि पैसा लागतो हे मान्य आहे. पण जिथे बीम-कॉलम भिडतात असे दाटीचे चार-पाच जॉइंट सळई कापायच्या आधी थ्रीडीत काढावेत, फिटरच्या मोबाईलवर पाठवावेत आणि तो काय म्हणतो ते ऐकून मग रिंगा वळाव्यात. कॉलेजांनी हेच काम आम्हाला तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून द्यावं, आम्ही करायला तयार आहोत.

— सिव्हिल इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी, पुणे