मालिशच्या टेबलावर गप्प का पडून राहायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की आपल्या दैनिकात तेल-मालिशच्या गुणांवर एखादा तरी लेख येतो. कोणते तेल, कोणत्या दुखण्यावर, आठवड्यातून किती वेळा, हे सगळे त्यात असते. मात्र पाऊण तास टेबलावर पडून राहणाऱ्या माणसाने पडावे कसे, याविषयी एक अक्षरही नसते. गेल्या पौषात ते मला अंगावर घेऊन शिकावे लागले, म्हणून हा पत्रप्रपंच.

कंबरदुखीवर डॉक्टरांच्या सल्ल्याने मी येथील एका मालीश केंद्रात गेले होते. टेबलाला तोंडासाठी खाच नव्हती, त्यामुळे पालथे पडून मान एका बाजूला वळवून ठेवावी लागली. मोहरीचे तेल बाटलीतून थेट पाठीवर आले. मोरेना-भिंडकडच्या या तेलाला आपण उष्ण म्हणतो खरे, पण जानेवारीतल्या ग्वाल्हेरात ते हाताला बर्फासारखेच लागते. वीस मिनिटांत मान आखडली आणि पोटरीत गोळा आला. तरीही ‘बरं वाटतंय ना?’ या प्रश्नाला मी ‘हो’ म्हणत राहिले. कंबर थोडी मोकळी झाली. मान मात्र पुढे चार दिवस धरली होती. दिवाळीच्या पहाटे पाटावर बसवून आई तेल रगडायची, तेव्हा ‘हळू गं!’ म्हणून ओरडणाऱ्या आम्ही, पैसे मोजून टेबलावर पडलो की मुक्या का होतो, हे मला अजून उमगलेले नाही.

ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टबाईंनी नंतर समजावले, तेव्हा साध्या साध्या गोष्टींची कारणे कळली. पालथे पडल्यावर पावलांची वरची बाजू टेबलावर दाबली जाते आणि पोटरी आखडलेली राहते. घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली की ती सैल पडते. ज्यांच्या कंबरेला खोल बाक आहे, त्यांनी पोटाखाली पातळ उशी घ्यावी. उताणे असताना गुडघ्यांखाली लहान लोड असला की कंबरेवरचा ताण उतरतो. तोंडासाठी खाच नसेल, तर छातीखाली उशी आणि कपाळाखाली घडी केलेला टॉवेल घेऊन मान सरळ ठेवता येते. सर्दीने नाक चोंदले असेल किंवा पालथे पडवतच नसेल, तर कुशीवर झोपूनही पाठीची मालीश उत्तम होते. गरोदर बायकांनाही, डॉक्टरांची हरकत नसेल तर, कुशीवरच झोपवतात.

थंडीचा प्रश्न आपल्या शहरात विशेष आहे. निश्चल पडलेले अंग लवकर गार होते, आणि कुडकुडणारा स्नायू कितीही रगडला तरी सैल होत नाही. म्हणून तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवावी आणि ज्या भागाची मालीश चालू आहे तेवढाच उघडा ठेवून बाकीचे अंग चादरीने झाकावे. संकोचाचा प्रश्नही त्यातच सुटतो. खोली तापवायला कोळशाची शेगडी मात्र बंद दाराआड कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही आणि जीव घेतो.

‘दुखले म्हणजे लागू पडले’ हा आपल्याकडचा समज तर फारच चिवट आहे. मुठी आवळल्या जात असतील, श्वास रोखला जात असेल, तर दाब जास्त होतो आहे असे समजून तिथल्या तिथे सांगावे. हाताला मुंग्या आल्या तर लगेच स्थिती बदलून घ्यावी. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर ते आधीच सांगितले पाहिजे, कारण शेक किती तापला आहे हे त्या पायांना कळत नाही. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर मालीश न करता आधी डॉक्टर गाठावा.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी आणखी एक. बराच वेळ आडवे पडून एकदम उठले की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर अधिकच. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत, मिनिट-दोन मिनिटे बसून राहावे, तळव्यांचे तेल पुसून घ्यावे आणि मगच फरशीवर पाऊल टाकावे.

केंद्रचालकांना माझी विनंती एवढीच की, दोन उशा, एक लोड, एक जाडसर चादर आणि उतरायला ठेंगणे स्टूल, एवढे सामान त्यांनी प्रत्येक टेबलाशी ठेवावे. आणि ‘बरं वाटतंय ना?’ असे विचारण्याऐवजी ‘मान कशी आहे? गार लागतंय का? दाब कमी करू का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला आमच्यासारखी माणसे भिडेखातर ‘हो’ म्हणून मोकळी होतात.

पुढच्या आठवड्यात मला पुन्हा जायचे आहे. या वेळी घरचा लोड पिशवीत घालून नेणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
लष्कर, ग्वाल्हेर