आईची पडण्याची भीती घालवणाऱ्या योगवर्गाच्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुम्ही मुलाकडे पुण्याला राहायला गेलात. निरोपाच्या दिवशी समाजभवनात एवढी गर्दी होती की मनातलं काही बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. ज्यांच्या घरी पडून हाड मोडलेली आई, आजी किंवा सासू आहे, त्यांच्यापर्यंतही ते पोचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अंगणात सडा टाकताना पाय घसरून आईचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हात बराही झाला. पण तपासणीत हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं आणि त्या धास्तीने आईने घराबाहेर पडणंच सोडलं. आधी गोकुळपेठेतला बाजार सुटला, मग देऊळ, मग गच्चीवर वाळवण घालणंही. फरशी जरा ओली दिसली की ती भिंतीला हात लावून उभी राहायची. पडू या भीतीने चालणं कमी होतं, त्याने मांड्यांतलं बळ जातं आणि बळ गेलं की तोल खरोखरच सुटायला लागतो, हे तुम्हीच आम्हाला समजावून सांगितलंत. तोवर आम्हाला वाटायचं, वय झालं, असंच चालायचं.

पहिल्या दिवशी तुम्ही आईला चटईवर बसूच दिलं नाहीत. “आधी डॉक्टरांचा कागद दाखवा,” म्हणालात. चष्मा लावून सगळा रिपोर्ट वाचलात, बीपीची गोळी कोणती आणि कधी घेते तेही विचारलंत. तोपर्यंत नातेवाइकांनी मोबाइलवर कितीतरी व्हिडिओ पाठवले होते. कोणी बसून पुढे वाकायचं पश्चिमोत्तानासन सांगत होतं, कोणी पाठीवर झोपून पाय डोक्यामागे न्यायचं हलासन, कोणी सकाळ-संध्याकाळ जोरात कपालभाती. तुम्ही तिन्ही गोष्टींना ठाम नकार दिलात. हाडं ठिसूळ असताना पाठ गोल करून पुढे वाकलं की मणक्यांच्या पुढच्या बाजूवर दाब येतो आणि मणका दबून मोडू शकतो; बीपी असलेल्याने जोराची कपालभाती करायची नाही. हे आईला समजेल अशा भाषेत सांगितलंत. योग शिकवणाऱ्याने काय करू नये हे आधी सांगावं, याचं मोल मला त्या दिवशी कळलं.

मग सुरुवात झाली ती प्लास्टिकच्या खुर्चीवरून. हात न टेकता उठायचं, हळूहळू बसायचं. धपकन बसलेलं तुम्हाला चालायचं नाही, कारण हळू बसतानाच मांडीचे स्नायू खरं काम करतात. त्यानंतर भिंतीजवळ ताठ उभं राहायचं ताडासन, आणि बऱ्याच दिवसांनी एका पायावर तोल सांभाळायचं वृक्षासन. तेही पुस्तकातल्या चित्रासारखं नाही. एका पायाची टाच दुसऱ्या घोट्याला टेकवायची, बोटं जमिनीवरच ठेवायची, दोन बोटं भिंतीला लावायची आणि नजर समोरच्या स्विचबोर्डवर. डिसेंबरच्या थंडीतही तुम्ही सगळ्यांना मोजे काढायला लावायचात. डोळे, कानाचा आतला भाग आणि तळव्या-सांध्यांतून मेंदूला मिळणारी जाणीव, या तिघांच्या जोरावर आपण तोल सांभाळतो. मग तळव्यांना जमीन लागायला नको का, असं तुमचं म्हणणं. आई आता घरी ओट्याला हात लावून दूध तापेपर्यंत एका पायावर उभी असते.

एकदा वर्गातल्या कोणीतरी विचारलं, आसनांनी हाडं पुन्हा भक्कम होतात का? तुम्ही लगेच सांगितलंत की हाडांसाठी डॉक्टरांची गोळी, कॅल्शियम आणि सकाळचं ऊन; आपण इथे तोल, बळ आणि श्वास यांसाठी येतो. तुमच्या या सरळ बोलण्यामुळेच आईचा तुमच्यावर विश्वास बसला. बीपीची गोळी आजही सुरू आहे. ती बंद करा असं तुम्ही कधी सुचवलं नाहीत.

उन्हाळ्याबद्दल तर लिहायलाच हवं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, रात्रभर कूलर घरघरत असतो आणि म्हाताऱ्या माणसांची झोप पार उडते. तुम्ही वर्ग पहाटे साडेपाचला आणलात, हालचाली कमी केल्यात आणि शीतली, म्हणजे जिभेची नळी करून श्वास आत घ्यायचा प्राणायाम, शिकवलीत. आईला जिभेची नळी करता येईना, तशी ती खट्टू झाली. तुम्ही तिला लगेच सीत्कारी दिलीत: दात हलकेच मिटून त्यांच्या फटींतून श्वास आत घ्यायचा, तोंड मिटून नाकाने सोडायचा. रात्रीसाठी भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडणं लांबवायचं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून मन निवतं, हे कारणही सांगितलंत. झोप लागत नाही म्हणून पहाटे तीनला देवघरात जाऊन बसणारी आमची आई आता आम्हाला उठवायला येते.

या सगळ्याचा तुम्ही एक रुपयाही घेतला नाहीत. रामनगरच्या योगाभ्यासी मंडळात शिकले, तिथे माझ्याकडून कोणी घेतला नाही, मी कसा घेऊ, असं म्हणायचात. जनार्दनस्वामींनी १९५१ मध्ये योगाभ्यासी मंडळाची सुरुवात करून या शहराला विनामूल्य योगवर्गांची सवय लावली. आमच्या गल्लीपर्यंत ती आली ती मात्र तुमच्या पायांनी, पावसात छत्री घेऊन, अंधारात बॅटरी घेऊन. २१ जूनला मैदानावर हजारो लोक जमतात, त्याचा मला आनंदच आहे. पण जुलैतल्या धो-धो पावसात पाच बायकांसाठी समाजभवनाचं कुलूप उघडणाऱ्या माणसाचं ऋण मला फार मोठं वाटतं.

मागच्या महिन्यात आईचा पाय बाथरूमच्या दारात पुन्हा घसरला. तिने स्वतःला सावरलं, पडली नाही. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, “ताईंना फोन लाव.” तुमचा फोन लागला नाही, म्हणून इथे कळवते आहे.

वर्ग सुरू आहे. खुर्च्या मांडायचं काम आईने घेतलंय आणि नव्या बाईंना डॉक्टरांचा कागद मागायचंही. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देते: “ताईंना सांग, आम्ही रोज करून राहिलो, खाडा नाही. अन् संक्रांतीला या म्हणा, तिळाच्या वड्या करून ठेवते.”

आपली कृतज्ञ,
खुर्चीच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीची मुलगी
प्रतापनगर, नागपूर