काकूंची पायरी सापडली

दहिसर, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

काकूंची पायरी सापडली. हे आधी लिहून टाकतो, बाकीचं मागून. कपडे धुताना काकू जिच्या कडेला पिवळ्या साबणाची वडी ठेवायच्या ना, ती खळगा पडलेली काळ्या दगडाची पायरी. आज सकाळी साडेनऊच्या सुमारास, बागेच्या मागच्या कोपऱ्यात, हातभर राडारोड्याखाली निघाली. फावड्याचा आवाज एकदम बदलला आणि एका पोराने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मी खाली बसलो, हातानेच माती सारली, खळग्यात बोट फिरवलं. मग मला उठवेना. पोरं पाण्याची बाटली घेऊन धावली.

फोन करणार होतो, पण फोनवर निम्मं राहून जातं. म्हणून जेवण झाल्याबरोबर लिहायला बसलो.

तू शेवटचं पाहिलंस तेव्हाची बाग आता नाही. आपल्या शाळेच्या दिवसांत तिथे नुसता मोकळा काठ होता, उंबर होता आणि पायऱ्या. मग बाग झाली, घसरगुंडी आली, सिमेंटचे बाक आले. तुझी धाकटी त्याच घसरगुंडीवरून पडून हनुवटीला टाके घेऊन आली होती. मग २६ जुलै २००५. तू त्या रात्री चर्चगेटला अडकला होतास, म्हणून तुला पाण्याची ती उंची कळली नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, आणि इकडे आपली नदी बाग ओलांडून चाळीच्या दारात आली. काकू कट्ट्यावर उभ्या राहून 'बये, परत जा' म्हणत होत्या, ते मी या कानांनी ऐकलंय. त्यानंतर दोन्ही काठांना भिंती उभ्या राहिल्या. पाणी घरात शिरू नये म्हणून काहीतरी करायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भिंत झाली आणि नदी दिसेनाशी झाली. बाकावर बसलेल्या माणसाला समोर सिमेंट. हळूहळू लोक यायचे थांबले, दिवे गेले, फाटक मोडलं, कारंज्यात बाटल्या साठल्या. मागच्या कोपऱ्यात भिंत संपते आणि पन्नासेक पावलं काठ तसाच उघडा राहिलाय. तिथे रात्री टेम्पो येऊन घरदुरुस्तीचा राडारोडा ओतून जायचे. आपल्या पायऱ्या नेमक्या त्याच कोपऱ्यात.

मी रोज पुलावरून स्टेशनला जायचो, बाळ्या. पंधरा वर्षं. नाकाला रुमाल लावून. एकदाही थांबलो नाही.

गेल्या वर्षी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम माझ्याकडे आलं. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेली ही योजना. आपल्या वेळीही होती, आपण नाव घातलं नव्हतं. मुलांच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं, आठ आऱ्यांचं, म्हणजे आठही प्रहर तयार. वर्षाला १२० तास काम करायचं. पहिल्या बैठकीत मी म्हटलं, नदीकाठची बाग घेऊया. एक मुलगी पटकन म्हणाली, 'सर, ती नाल्याजवळची ना?' दहिसरमध्येच जन्मलेली मुलगी. तिचा काय दोष? तिने तिला नदी म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. त्या रात्री मला झोप नाही लागली.

म्हणून फावड्याला हात लावण्याआधी मी त्यांना दसऱ्यानंतरच्या एका रविवारी राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेलो. कान्हेरीच्या रस्त्याने आत गेलो. पाऊस नुकताच ओसरलेला, त्यामुळे नदीला चांगलं पाणी होतं. काळ्या खडकांवरून उड्या घेत येणारं, तळ दिसेल असं. मुलं बूट काढून उतरली, बारीक मासे पायांना लुचू लागले तसा सगळा आरडाओरडा. वर लेण्यांत जवळपास प्रत्येक गुंफेशी खडकात खोदलेली पाण्याची पोढी दाखवली. त्या भिक्खूंनी डोंगरावर पडलेला थेंबन् थेंब असा जपला होता. मग उतरलो आणि नदी धरून बाहेर निघालो. कुंपण मागे पडलं आणि पहिला नाला येऊन मिळाला. मग तबेल्यांचं शेण. मग वस्त्यांचं आणि सोसायट्यांचं सांडपाणी. मुलं गप्प होत गेली. बागेशी पोचलो तेव्हा ती 'नाल्याजवळची' म्हणणारी मुलगी भिंतीवर चवड्यांवर उभी राहून खाली बघत म्हणाली, 'सर, हे तेच पाणी?' तुळशी तलावाकडच्या डोंगरातून मनोरीच्या खाडीपर्यंत ही नदी जेमतेम १२ किलोमीटरची. तेवढ्यात तिचं काय होतं ते मुलांनी एका सकाळी पायी पाहिलं. त्यानंतर 'नाला' हा शब्द कोणाच्या तोंडून मी ऐकला नाही.

परवानगीचे हेलपाटे सांगून तुझा वेळ घेत नाही. सात फेऱ्या झाल्या, मिळाली.

कामाला लागण्याआधी मी लेप्टोच्या तापावर एक अख्खा तास घेतला. २००५ च्या पुरानंतर माणसं कशी पटापट गेली ते आपण पाहिलंय. उंदराच्या मुतातले जंतू ओल्या मातीतून पायाच्या भेगेत शिरतात. गमबूट आणि हातमोजे नसतील तर घरी जा, कुठे खरचटलं असेल तर वर बसून रोपांच्या पिशव्या भर, असा नियम. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांना. पालकांना हे सगळं पत्राने कळवलं, तेव्हा कुठे दोन-चार आया आपल्या मुलींना पाठवायला तयार झाल्या. आता त्यातली एक स्वतः दर रविवारी पोहे घेऊन येते.

दुसऱ्या रविवारी पिंपळाखाली काम अडलं. तुला माहीत आहे, घर बदललं, फ्रेमची काच फुटली की लोक देवांच्या तसबिरी पिंपळाला टेकवून जातात. टाकवत नाही आणि ठेववतही नाही, म्हणून. तिथे असा ढीग झाला होता: दत्त, लक्ष्मी, साईबाबा, कुणाच्या तरी आजोबांचा हार घातलेला फोटोसुद्धा. सगळ्यांवर बुरशी, काचा खाली पसरलेल्या, आणि त्या काचांतून कुत्री फिरायची. पोरं हात लावेनात. ज्यांचा देवावर विश्वास नाही तीही मागे उभी. तेवढ्यात समोरच्या चाळीतल्या एक आजी काठी टेकत आल्या. त्यांनी आधी नमस्कार केला, मग पदर खोचला आणि पहिली तसबीर स्वतः उचलली. म्हणाल्या, 'देव काय काचेत बसलाय? पोराच्या पायात काच घुसली तर त्याला आवडेल का?' मग सगळे बसले. काच वेगळी, लाकडी चौकट वेगळी, कागद वेगळा. कागद एका पिंपात भिजवला, लगदा झाला तो पिंपळाच्याच मुळाशी पुरला. आजोबांचा फोटो मात्र एका मुलाने पुसून घरी नेला. म्हणाला, कोणी शोधत आलं तर? अजून त्याच्याकडे आहे.

झाडांच्या बाबतीत मी मुलांकडूनच शिकलो. काठावर सुबाभूळ माजली आहे. मूळची मेक्सिकोकडची, शेंगा तडकतात आणि बी सगळीकडे, खाली दुसरं काही येऊ देत नाही. मुलं कोयते घेऊन निघाली होती, पण शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. परवानगीवाचून सुबाभळीचं झाडही तोडता येत नाही. तेव्हा मोठी झाडं तशीच ठेवून खालची रोपटी तेवढी मुळासकट उपटतो. आणि एका बाजूला रुई वाढली होती, ती मी तण समजून कापायला सांगितली. बारावीतला एक अबोल मुलगा पुढे आला, त्याने पान उलटं करून दाखवलं. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी बसली होती. एका केशरी फुलपाखराची अळी रुईवर वाढते, त्याने सांगितलं. मी कोयता खाली ठेवला. ती रुई आता आमच्या नकाशावर आहे.

झाडांच्या बुंध्यांना सिमेंटने गच्च आवळलं होतं ते पहारीने फोडून आळी केली. खताला शेण मागायला तबेल्यात गेलो. नदीत जाणारं शेण तेवढं तरी कमी, असा माझा हिशेब. तबेलेवाले काका आधी संशयाने बघत होते, आता स्वतःच्या गाडीने पाठवतात. दुधाच्या पिशव्यांत रोपं चालू आहेत. बहाव्याचं बी फार टणक, तसंच लावलं तर लवकर रुजत नाही. दोन मुली दुपारभर फरशीवर एकेक बी घासत बसल्या होत्या, नखं झिजेपर्यंत. करंजाच्या शेंगा गोळा होतायत. ज्या काठाला भिंत नाही तिथे वाळुंज लावायचंय, फांद्याच रोवायच्या, ओल्या काठाची त्याला सवय असते. बाकी लागवड जूनमध्ये. आधीच्या पावसाळ्यात इथे थाटात वृक्षारोपण झालं होतं, फोटो निघाले. मी ऑक्टोबरात मोजली तर एक रोप जिवंत नव्हतं. आम्ही पाण्याची पाळी आधी लावली, मग रोपं मोजली.

जानेवारीत मात्र मोडलो होतो. चार रविवार खपून कोपरा स्वच्छ केला, आणि पाचव्या रविवारी आलो तर तिथे ताजा ढीग. फुटक्या लाद्या, संडासाचं भांडं, विटा. रात्री कोणीतरी टेम्पो रिकामा करून गेलेलं. मुलं गोणीवर बसून राहिली, दोघींच्या डोळ्यांत पाणी. मला एक वाक्य सुचलं नाही, बाळ्या. इतकी वर्षं शिकवतोय आणि बोलायला काही नाही. मग त्या तसबिरीवाल्या मुलाने घमेलं उचललं आणि एकटाच भरायला लागला. पाच मिनिटांत सगळे उठले. त्या रात्रीपासून चाळीतली माणसं पाळीने कोपऱ्यावर बसतात, खुर्च्या टाकून, कॅरमसुद्धा येतो. पुन्हा टेम्पो आलेला नाही. मुलांचे १२० तास कधीच भरले. एकही गळला नाही.

आणि त्याच ढिगाखाली आज पायरी. एका मुलीने जुना टूथब्रश आणून खळगा घासला, वर पाणी ओतलं. दगड चमकायला लागला, आणि खळग्यात वाटीभर पाणी राहिलं. मी त्यांना काकूंचं सांगितलं. तू साबण पळवून नदीत बोटीसारखा सोडायचास, तेही सांगितलं. मग सगळे तिथेच ओळीने बसले, नदीकडे तोंड करून. पाणी काळंच आहे, वासही आहे. सांडपाणी वर अडवल्याशिवाय ते सुधारणार नाही, ते आमच्या हातात नाही, त्यासाठी सह्यांचा अर्ज चालू आहे. पण पलीकडच्या दगडावर एक खंड्या बसला होता, निळाभोर, आणि वीस मुलं त्याच्याकडे बघत गप्प होती.

आता तुझ्याकडे काम आहे. आम्हाला सात पायऱ्या मिळाल्या आहेत. खळग्याची पायरी वरून चौथी. माझ्या आठवणीत काकू मधल्या पायरीवर बसायच्या, म्हणजे सातच असाव्यात, तरी खाली आणखी असू शकतात. पण खाली गाळ आहे, उगाच पोरांना उतरवायचं नाही मला. काकूंना विचार, हिवाळ्यात पाण्याला हात लावायला किती पायऱ्या उतरावं लागायचं? त्यांना आठवेल. वाशिष्ठी नदीचं पाणी २०२१ ला घरात आलं तेव्हाही त्या जिन्याच्या पायऱ्या मोजत होत्या, असं तूच म्हणाला होतास.

आणि जूनच्या आधी एक रविवार काढ. त्यांना घेऊन ये. गाडी पुलापाशी थांबते, तिथून मुलं हात धरून नेतील. वहिनींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

पुढच्या रविवारच्या आत कळव, आठवी शोधायची की थांबायचं.

तुझाच,
दादू