लाठी खांद्याच्या खाली राहू दे

मा. संपादक, नमस्कार.

गणपती जवळ आलेत, बंदोबस्ताच्या मीटिंगा सुरू झाल्यात म्हणून लिहितोय. मी २२ वर्षं गावच्या तालमीत पोरांना लाठीकाठी शिकवतो, शिवजयंतीच्या मिरवणुकीत खेळतात ती आमचीच पोरं.

गेल्या विसर्जनाला कपिलेश्वर तलावाकडं जाताना रेटारेटी झाली आणि एका कोवळ्या कॉन्स्टेबलनं लाठी डोक्यावर उचलली, चेहरा पांढराफटक पडलेला त्याचा, मागनं हवालदारानं मनगट धरलं म्हणून समोरच्या पोराचं टाळकं वाचलं. त्याला मी दोष देत नाही. भ्यालेला हात वर जातोच, आमच्याकडं नवीन पोरगं पहिला महिनाभर हेच करतंय.

सरावाचा हात वेगळा असतो बघा. डावा पाय पुढं, लाठी उजव्या हातात मागं, समोरच्यापास्नं लाठीभर अंतर. कोण अंगावर धावून आला तर तिरकं पाऊल टाकून त्याच्या वाटेतनं बाजूला व्हायचं, वरनं काठी आली तर लाठी दोन्ही हातात आडवी धरून झेलायची. आणि मारायचीच पाळी आली तर मांडी, पोटरी, दंड, जिथं मांस आहे तिथंच. मांडीच्या बाहेरच्या अंगाला बसली की पाय बधिर होऊन माणूस खाली बसतो, तेवढं बास झालं. डोकं, मान, मणका, कंबरेवरची मूत्रपिंडाची जागा, इथं हात लावायचाच नाही, तिथला फटका माणूस मारतो नाहीतर जन्माचा अपंग करतो.

कायद्यातपण (आता बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८, १ जुलै २०२४ च्या आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२९) आधी जमावाला पांगायचा हुकूम द्यायचा, ऐकलं नाही किंवा पांगायचं नाहीच असं वागण्यातनं दाखवलं तरच बळ वापरायचं असंच आहे. मग आपल्या भागात तो हुकूम कन्नड आणि मराठी दोन्हीत नको का? खेड्यातनं आरास बघायला आलेल्या म्हातारीला 'हिंदे होग्री' (मागं सरा) कळायच्या आत लाठी पडली तर तिनं काय करायचं?

भरतीच्या वेळी हे शिकवतात, मान्य. केएसआरपीचं (कर्नाटक राज्य राखीव पोलिसांचं) ट्रेनिंग स्कूल तर इथं कंग्राळीतच आहे. पण पुढं वर्षानुवर्षं टेबलावर लिहिणाऱ्याचा हात विसरतोच की, तालीम सोडलेल्या पैलवानासारखं. विसर्जनाच्या आधी आठवडाभर रोज तासभर, पॅड बांधलेल्या माणसावर, सगळ्यांचा सराव घ्या एवढीच पोलीस खात्याला विनंती. जागा पाहिजे असली तर आमची तालीम पहाटे साडेपाचला उघडते, मी असतोच तिथं.

- लाठीकाठीचा एक वस्ताद, बेळगाव तालुका