समृद्धी बंगल्यातून सुटका नाही

नाशिक
3 डिसेंबर 2024

प्रिय मंदे,

शनिवारी, 30 नोव्हेंबरला, 'आई कुठे काय करते' ही मालिका एकदाची संपली. तू फोनवर "सुटलो बाई" म्हणालीस आणि ठेवून दिलास. माझं तेवढ्यावर भागत नाहीये. पाच वर्षांचा राग फोनवर मावायचा नाही, म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस.

2019 च्या डिसेंबरात ती सुरू झाली तेव्हाची आपली अवस्था आठव. साडेसातच्या आत कुकर उतरलाच पाहिजे, आणि त्या अर्ध्या तासात कुणी फोन केला तर तो शत्रू. हिऱ्यांचे हार घालून झोपणाऱ्या सुना आणि भुवया उडवणाऱ्या सासवा बघून विटलेल्या आपल्याला ही अरुंधती घरातली वाटली होती. कुणाला काय आवडतं, कुणाची गोळी कधी, सगळं तोंडपाठ, आणि स्वतःचं गाणं मात्र बासनात बांधून ठेवलेलं. तिचं काम करणारी मधुराणी प्रभुलकर ते अपमान कसे गिळायची! नवरा सगळ्यांदेखत लागेल असं बोलतो, आणि ही ओठ हसरे ठेवून नजर तेवढी खाली वळवते. हातातलं काम थांबत नाही. संवाद एकही नाही. मी तेव्हा सासूबाईंकडे चोरून पाहिलं होतं, त्याही पडद्याकडे न बघता पदराशी चाळा करत बसल्या होत्या.

आणि तो नवरा, मिलिंद गवळींचा अनिरुद्ध! मारझोड नाही, दारू नाही. 'तुला काय कळतंय' एवढ्यावरच पंचवीस वर्षं काढणारा माणूस. असे आपल्या ओळखीत किती आहेत ते तुला सांगायला नको, तुझा मोठा दीर पुरेसा आहे.

त्याचं संजनाशी प्रकरण उघडकीला आलं, घटस्फोट झाला, अरुंधती स्वतःच्या पायावर उभी राहायला लागली. (मधेच संजना बदलली, दीपाली पानसरे जाऊन रूपाली भोसले आली, ते आपण आठ दिवसांत पचवलंसुद्धा. गोष्ट चालत असली की प्रेक्षक काय वाटेल ते पचवतो गं.) आई कुठे काय करते, या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं होतं. मूळ गोष्ट बंगाली 'श्रीमोयी'ची, ती 2021 च्या डिसेंबरात संपली. आपल्याकडे त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं दळण चालूच.

तू म्हणशील, मालिका म्हटली की ताणणारच. ताणा ना! माझं भांडण लांबीशी नाहीच. 'चार दिवस सासूचे' 2001 पासून 2013 पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. पण ती घराचीच गोष्ट होती, तिच्यातल्या सासूला, आशाताईंना घराबाहेर पडायचंच नव्हतं. अरुंधतीची गोष्ट बाहेर पडण्याची होती, आणि पुढची सगळी वर्षं तिला कुणी बाहेर पडूच दिलं नाही. घटस्फोट घेतलेली बाई, पण मुलीचं, ईशाचं बिनसलं की हिला फोन. मुलाने, अभिषेकने घोळ घातला, बोलवा हिला. सासू कांचन आजी ज्या तोंडाने हिला घालूनपाडून बोलायच्या त्याच तोंडाने पुढच्या आठवड्यात हिच्या गळ्यात पडायच्या. आणि ही येते! सासरच्या समृद्धी बंगल्याच्या हॉलमध्ये सगळे अर्धगोलात उभे, कॅमेरा एकेकाच्या तोंडावरून तीनतीनदा फिरतो, मग अरुंधतीचं भाषण, सगळ्यांचे डोळे ओले. दोन दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न. पूर्वी ती पगाराशिवाय घर सांभाळायची, आता नात्याशिवाय सांभाळायला लागली. यात बदललं काय?

तिच्या दुसऱ्या नवऱ्याचं, आशुतोषचं तर मला फारच लागलं. 2023 मध्ये दुसरं लग्न लावलं तेव्हा मी तुला म्हटलं होतं, टीव्हीवर मोठ्या मुलांची आई बोहल्यावर चढते, ही साधी गोष्ट नाही. आमच्या सोसायटीतल्या बायका त्यावरून हळदीकुंकवात भांडल्या होत्या. एवढं धाडस करायचं आणि जेमतेम वर्षभरात त्या बिचाऱ्याला मारून टाकायचं? सुखी बाईचं काय करायचं ते सुचलं नाही, दुसरं काय. रडणारी बाई रोज लिहिता येते. नवऱ्याबरोबर निवांत चहा पिणारी बाई लिहायला डोकं लागतं.

बरं, हे कळत नाही असंही नाही. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी संपलीसुद्धा, आणि लोक अजून नाव काढतात. तिचे दिग्दर्शक सतीश राजवाडे, तेच पुढे अरुंधतीच्या वाहिनीची, स्टार प्रवाहची सूत्रं सांभाळायला लागले. म्हणजे वेळेत थांबणं ठाऊक आहे, परवडत नाही. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येणार, आठवड्याला सहा भाग द्यायचे, चालत्या गाडीतून कोण उतरतं? लेखकांची मला कीव येते. अभिषेकचा स्वभाव पंधरवड्याला बदलायचा तो त्यांच्या हौसेने थोडाच!

शेवटी गाडी घसरलीच. मार्चमध्ये साडेसातची जागा नव्या मालिकेला दिली आणि अरुंधतीची रवानगी दुपारी अडीचला. ज्या बाईच्या जिवावर वाहिनीने पहिला नंबर मिरवला, तिला जेवणं उरकल्यावरच्या डुलकीच्या वेळी बसवलं. मग तो मिहीर शर्मा शेफ आणला, स्वयंपाकाचं काहीतरी काढलं. मी तोवर मोबाईलवर एका डोळ्याने बघत होते. तू केव्हाच सोडली होतीस, तरी मला दर आठवड्याला "काय झालं गं पुढे" विचारायचीसच, नाकारू नकोस.

शेवटच्या दिवशी मात्र मी टीव्ही लावून नीट बसून पाहिलं. सासूबाई मधेच झोपल्या.

तुझी जानेवारीची खेप नक्की ना? आल्यावर सोनपापडी आणू नकोस, मागच्या वेळची अजून डब्यात आहे.

तुझी,
शैला

ता. क. – त्याच गोष्टीवरची हिंदी 'अनुपमा' अजून चालूच आहे. माझ्या जावेसमोर विषय काढू नकोस, ती मला पहिल्या भागापासून बघायला बसवेल.