चाचा, डाव्या चाकाबद्दल आभार

चाचा, सलाम.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. त्या दिवशी तुमच्या गॅरेजात तुम्ही मला गाडीच्या ब्रेकबद्दल जे दाखवलंत ते रोज घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या कितीतरी लोकांच्या कामाचं आहे. तुमचं नाव टाकत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, "नाव नका लिहू ताई, काम लिहा." म्हणून काम लिहिते. तुमचा मुलगा वाचून दाखवील, तेव्हा कुठं चुकलं असेल तर मला सांगा.

मी राहते बीडला आणि शिकवते नेकनूरच्या पुढं एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर. सकाळी मांजरसुंब्याचा घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. गाडी स्विफ्ट, पुढं डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती दोन पॅड दोन्हीकडून आवळतात), मागं ड्रम. सोबत दोन मॅडम असतात, आणि माझी मुलगी. ती माझ्याच शाळेत सातवीला आहे. म्हणजे चार जीव, चार दप्तरं-पिशव्या, आणि उतार.

जूनमध्ये ब्रेक दाबला की बारीक, टोकदार 'चीं' ऐकू यायला लागलं. पावसाळ्यात गाडी रात्रभर उघड्यावर राहिली की डिस्कवर गंजाची साय धरते आणि सकाळचे दोन-चार ब्रेक मारले की निघून जाते, एवढं मला ठाऊक होतं. हेही तेच असेल असं समजले. पण गंजाचा आवाज घरापासून चौकापर्यंत टिकतो, आणि हा शाळेपर्यंत सोबत यायचा. फरक कानावर पडत होता, मी त्याकडं लक्ष दिलं नाही. ती 'चीं' म्हणजे पॅडला लावलेली पत्र्याची छोटी पट्टी डिस्कला टेकून "आता मला बदला" म्हणत होती, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा समजलं. जुलैत एका गॅरेजला दाखवलंही होतं. तिथल्या पोरानं चाकाच्या फटीतून बॅटरी मारली, म्हणाला, "पॅड निम्मे शिल्लक आहेत मॅडम, दिवाळीपर्यंत बघायचं काम नाही." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. त्यानं जो पॅड पाहिला तो खरंच निम्मा शिल्लक होता.

ऑगस्टच्या शेवटी घाट उतरताना आवाज बदलला. 'चीं' गेली आणि 'खर्रर्र' सुरू झालं, दळणाच्या चक्कीत खडा सापडावा तसं. पायालाही ते जाणवत होतं. मुलगी मागून म्हणाली, "आई, खाली काहीतरी फाटतंय." मी गाडी दुसऱ्या गिअरात टाकली, ब्रेकवर पाय ठेवायचा नाही असं ठरवून घाट संपवला, आणि खाली उतरल्यावर रस्त्यालगत जे पहिलं गॅरेज उघडं दिसलं तिथं शिरले. ते तुमचं होतं. वेळ संध्याकाळची, तुमची आवराआवर चालली होती.

मला वाटलं तुम्ही लगेच जॅक लावाल. तुम्ही आधी पाण्याचा तांब्या पुढं केलात आणि विचारत बसलात. आवाज ब्रेक दाबल्यावरच येतो की न दाबताही? वळणावर कमी-जास्त होतो का? वेग वाढला की घूं-घूं वाढते का? मी घाईत होते, पोर सोबत होती, दिवस बुडत होता. तुम्ही म्हणालात, "जल्दी नक्को करो ताई. आवाजच सांगतो कुठं हात घालायचा." मग एकेक उलगडून सांगितलंत. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर घूं-घूं वेगाबरोबर वाढते, वळताना एका बाजूला भार आला की बदलते, आणि तिचा ब्रेकशी संबंध नसतो. डिस्कमागच्या पातळ पत्र्यात खडा अडकला तर न दाबताही किर्र होत राहतं, अशा वेळी खडा काढला की काम संपलं, एक रुपयाचाही पार्ट लागत नाही. आणि पाय दाबला की येणारी, पाय सोडला की थांबणारी खरखर म्हणजे लोखंडाला लोखंड लागलं. माझी तिसरी होती.

मग तुम्ही चारही चाकांजवळ तळहात नेलात, न टेकवता. पुढच्या डाव्या चाकाजवळ माझाही हात धरायला लावलात. तव्याजवळ धरल्यासारखी धग होती. उजव्याजवळ तेवढी नव्हती. डाव्या रिमवर काळी पूडही जास्त बसलेली. चाक खोलायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "पॅड तर गेलाच, पण पॅड खाणारा कोण ते बघायचंय."

चाक निघालं. बाहेरचा पॅड खरंच निम्मा होता. तुम्ही कॅलिपर, म्हणजे पॅड आवळणारा चिमटा, उचललात, तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू नये म्हणून तारेनं बांधून ठेवलात, आणि आतला पॅड माझ्या हातावर ठेवलात. त्यावर ब्रेक धरणारा मसाला उरलाच नव्हता. नुसता पोलादी पत्रा, चकचकीत घासलेला, एका टोकाला जास्त. बाहेरून बॅटरी मारणाऱ्याला हा पॅड कधीच दिसला नसता.

याचं कारण दाखवायला तुम्ही मला कॅलिपर बोटानं हलवायला लावलात. कॅलिपर दोन पिनांवर मागं-पुढं सरकतो. त्यातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आतल्या पॅडला ढकलतो, आणि कॅलिपर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो, तेव्हा डिस्क दोन्हीकडून सारखी आवळली जाते. वरची पिन लोण्यासारखी सरकत होती. खालची जागची हलेना. तिचं रबराचं बूट फाटलेलं, आत चिखल जाऊन गंज धरलेला. आपली काळी माती, त्यात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला राडा, तो चाकात जाऊन बसतो आणि वाळला की सिमेंट होतो. पिन अडकल्यामुळं सगळा भार आतल्या पॅडवर, आणि पाय काढल्यावरही तो पुरता सुटेना. म्हणून धग, म्हणून पूड. चाचा, मला खरे आभार मानायचेत ते इथं. नुसते पॅड बदलून तुम्ही मला वाटेला लावलं असतंत तर मी पैसे देऊन खूश होऊन गेले असते, आणि काही महिन्यांत त्याच घाटात तोच आवाज पुन्हा ऐकला असता.

त्या रात्री तुम्ही गाडी दिली नाहीत. मी म्हणाले हळूहळू नेते, बीड कितीसं लांब आहे. तुम्ही किल्ली खिशात टाकलीत आणि ओळखीच्या जीपवाल्याला थांबवून आम्हा चौघींना घरापर्यंत सोडायला लावलंत. तेव्हा थोडा राग आला होता. आता आठवलं की डोळे भरून येतात.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. डिस्कचं काय करायचं यावर आपलं बराच वेळ बोलणं झालं. डाव्या डिस्कवर आतल्या बाजूनं चरे पडले होते, नख फिरवलं की अडकायचं. मी विचारलं, लेथवर फेसिंग मारून, म्हणजे घासून सपाट करून, चालणार नाही का? तुम्ही डिस्कच्या मधल्या भागावरचा गंज पुसून कोरलेली अक्षरं दाखवलीत, कमीत कमी जाडीची. मग स्क्रू गेजनं चार ठिकाणी मोजलंत. साध्या व्हर्नियरनं मोजलं की न घासलेली बाहेरची कड मध्ये येते आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते, हे मला नव्यानं कळलं. डावी डिस्क कोरलेल्या आकड्याच्या खाली गेलेली होती. तिच्यावर लेथ मारणं म्हणजे आधीच पातळ झालेली भाकरी अजून थापणं. पातळ डिस्क उतारावर लवकर तापते, कारण उष्णता धरायला लोखंडच कमी, आणि तडकायची भीती वेगळीच. जुन्या चऱ्यांवर नवा पॅड बसवला तर तो नुसत्या उंचवट्यांवर टेकतो, ब्रेक धरत नाही आणि पॅडही लवकर झिजतो.

उजवी अजून आकड्याच्या वर होती. ती तशीच ठेवायचा मोह मला झाला, खरं सांगते. महिनाअखेर होती. तुम्ही जबरदस्ती केली नाहीत, फक्त विचारलंत, "एका पायात नवी चप्पल, एका पायात झिजलेली, घाट उतराल का?" डिस्क आणि पॅड दोन्ही बाजूंचे जोडीनंच बदलायचे, नाहीतर जोराचा ब्रेक लागला की गाडी एकीकडं ओढते. मी जोडी घेतली.

पॅडच्या बाबतीत बाजारात लोक फसतात, म्हणून हे जरा सविस्तर. तुम्ही तीन प्रकार सांगितलेत. सेंद्रिय मसाल्याचे पॅड मऊ, शांत आणि स्वस्त असतात, पण लवकर झिजतात आणि फार तापले की पकड सोडतात. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचा चुरा असतो, ते उष्णता चांगली सोसतात, पण आवाज आणि पूड जास्त, डिस्कही जास्त खातात. सिरॅमिक शांत, पूड कमी, किंमत जास्त. "शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला एक सांगेन, तुम्हाला दुसरं," असं म्हणून तुम्ही पॅडच्या कडेला छापलेली दोन अक्षरं वाचायला शिकवलीत. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या पकडीचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45. घाट उतरणाऱ्यानं दुसऱ्या अक्षराकडं आधी बघायचं. मी विज्ञान शिकवते, घर्षण दरवर्षी शिकवते, आणि घर्षणांक असा पार्टच्या कडेला छापलेला असतो हे मला माहीत नव्हतं.

शेवटी कंपनीतून येतो त्याच दर्जाचा जोड आपण घेतला. दुकानात नुसतं 'स्विफ्टचा पॅड' म्हणायचं नाही, सालागणिक पार्ट बदलतात, चेसिस नंबर सांगायचा, हे तुम्ही बजावलंत. "कधीच न झिजणारे" म्हणून दुकानदारानं एक स्वस्त खोकं पुढं केलं होतं. मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "पॅड झिजला नाही तर डिस्क झिजणार ताई. महाग काय आहे त्यातलं?" मी ते खोकं परत सारलं.

बसवतानाचं काम मी शेजारी उभी राहून पाहिलं. डिस्क जिच्यावर बसते त्या हबचा गंज ब्रशनं घासलात, कारण तो राहिला तर नवी डिस्कसुद्धा वाकडी फिरते. नव्या डिस्कवरचं तेल धुऊन काढलंत. पिस्टन मागं दाबायच्या आधी डबीतलं थोडं ब्रेक ऑइल उपसलंत. पॅड झिजतात तशी त्याची पातळी उतरते, आणि मी मध्ये एकदा ती वरून भरली होती, त्यामुळं ते बाहेर सांडलं असतं. दोन्ही पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलंत, साधं ग्रीस नाही, त्यानं रबर फुगतं. नवी बुटं घातलीत. गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत मला पंप करायला लावलंत.

मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून शेजारी बसून तुम्ही मला मोकळ्या रस्त्यावर नेलंत. पन्नासचा वेग, हळूहळू दहापर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत पन्नास. असं आठ वेळा. नंतर ब्रेक न मारता थोडं फिरवून थंड होऊ दिलंत. परत येताना म्हणालात, "घाट ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरा. ब्रेक थांबायला असतात, उतरायला नाही." तेव्हापासून मी तसंच उतरते. सोबतच्या मॅडमना आधी कंटाळवाणं वाटलं, आता त्याच आठवण करून देतात.

तो घासलेला पॅड मी तुमच्याकडून मागून नेला होता, आठवतंय? आठवीच्या वर्गात नेला. एक पॅड नवा, एक निम्मा, एक नुसता पत्रा, असे तीन ओळीनं टेबलावर ठेवले. पोरांनी हातात घेऊन घेऊन पाहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग मागच्या चाकाला काय असतं?" मी फळ्यावर ड्रम काढला, त्याला आतून घासणारे दोन लायनर काढले, पण चित्रातून ते तिला पटलं नाही. तिला हातात घेऊन बघायचंय.

तर चाचा, एखादा जुना ड्रम आणि झिजलेल्या लायनरचा जोड भंगारात टाकायच्या आधी बाजूला ठेवा. माझी ती जुनी डावी डिस्क अजून तुमच्या कोपऱ्यात असेल तर तीही. शनिवारी सकाळची शाळा असते. सुटल्यावर घाट उतरून सरळ तुमच्याकडं येते.

तुमची,
नेकनूर रोडची मॅडम